कोबेला सहकुटुंब जाताय? या चुका टाळा

जपानमधल्या ओसाकात राहायला आल्यापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला कोबेला पाठवते. चुका मात्र दरवेळी त्याच होतात.

पहिली चूक स्टेशनाची. शहर कोबे, म्हणून लोक कोबे स्टेशनाचं तिकीट काढतात. पण शहराचा मध्य म्हणजे सान्नोमिया. कोबे स्टेशन त्याच्या पुढे दोन स्टेशनं आहे, समुद्रकाठच्या हार्बरलँड भागाजवळ. शिनकानसेन (बुलेट ट्रेन) थांबते ते शिन-कोबे तर तिसरीकडेच, डोंगराच्या पायथ्याशी. सान्नोमियापासून मेट्रोने एकच स्टेशन.

मामा-मामी नातीला घेऊन आले तेव्हा मी चार वेळा सांगितलं होतं, सान्नोमियाला उतरा. मामी आणि नात उतरल्या. मामा म्हणाले, "अगं, कोबे अजून यायचंय," आणि दार बंद झालं. इंटरनेट फक्त मामींच्या फोनवर. मामा कोबे स्टेशनावर, खिशात हॉटेलचा पत्तासुद्धा नाही. स्टेशनातल्या एका बाईंनी त्यांना परतीच्या गाडीत बसवलं. तोवर मामी "सान्नोमियालाच आहे" असं मला फोनवर सांगत होत्या, पण तिथे जेआर, हानक्यू, हानशिन, मेट्रो आणि पोर्ट लायनर या रेल्वेमार्गांची पाच वेगवेगळी स्टेशनं आहेत! सगळे एकत्र यायला सव्वा तास गेला, पोर रडून थकली.

तेव्हापासून मी स्टेशनातल्या ज्या गेटपाशी भेटायचं त्याचा फोटो आधीच पाठवते आणि हॉटेलचा जपानी पत्ता कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवायला लावते, आजोबांच्याही. रस्ता चुकलात तर डोंगर शोधा. इथे डोंगर उत्तरेला, समुद्र दक्षिणेला. स्थानिक लोकही 'यामागावा' म्हणजे डोंगराकडची बाजू आणि 'उमिगावा' म्हणजे समुद्राकडची, असंच सांगतात.

दुसरी चूक जेवणाची, आणि ही मला जास्त लागते. "व्हेजिटेरियन" म्हटलं की काम झालं असं समजू नका. वाढणारा माणूस मांसाचे तुकडे काढून देतो, मनापासून. पण उदोनचा (जाड नूडल्सचा) रस्सा, मिसो सूप, अगदी भाजीसुद्धा बहुतेक ठिकाणी दाशी नावाच्या अर्कात शिजते, आणि दाशी सहसा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसाची असते. माझ्या सासूबाईंनी अर्धा वाडगा उदोन खाल्ल्यावर मला हे कळलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस फळांवर राहिल्या. आता मी चिठ्ठी ठेवते: मांस, मासे, अंडी नको, आणि "कात्सुओ-दाशी मो दामे देस", म्हणजे बोनिटोची दाशीही चालणार नाही. नाही म्हणाले तर निमूट उठायचं. शुद्ध शाकाहारी माणसं बरोबर असतील तर जेवणाची जागा आदल्या दिवशीच ठरवा. ऐनवेळी भाषांतराच्या अ‍ॅपवर विसंबणं मला पटत नाही.

कितानो भागात भारतीय हॉटेलं मिळतात, कारण इथली भारतीय वस्ती जुनी आहे. 1923 च्या भूकंपानंतर योकोहामातले बरेच भारतीय व्यापारी कोबेत आले. 1985 साली बांधलेलं महावीरस्वामींचं जैन मंदिरही कितानोतच आहे.

कितानोचे चढ गुडघेदुखीवाल्यांना चढायला लावू नका. सिटी लूप बस घ्या.

कचऱ्यासाठी पिशवी जवळ ठेवा, रस्त्यात डबे क्वचितच दिसतात.

अर्ध्या दिवसात कोबे "उरकणारे" बंदरावरच्या मेरिकेन पार्कमध्ये 'BE KOBE' या मोठ्या अक्षरांसमोर फोटो काढून परततात. त्याच बागेत, काही पावलांवर, 17 जानेवारी 1995 च्या भूकंपात मोडलेल्या बंदराच्या धक्क्याचा तुकडा तसाच जपून ठेवलाय. त्या भूकंपात सहा हजारांहून जास्त माणसं गेली. मुलांना तिथे न्या, घाई करू नका. पाण्यात खचलेले दगड आणि तिरके झालेले दिव्याचे खांब पाहून मामांची नात बराच वेळ कठड्याशी उभी होती. मग तिने विचारलं, "त्या दिवशी शाळा होती का?" पहाटे 5 वाजून 46 मिनिटांनी झाला, मी सांगितलं. सगळे झोपलेले होते.