मणी घालून चेनमेलची कानातली आणि पेंडंट घरी कशी करायची

चेनमेल म्हणजे धातूच्या छोट्या छोट्या कड्या एकमेकींत अडकवून केलेली वीण, पूर्वी याचीच चिलखतं करायचे, आता तेच बारीक करून दागिने करतात. सुईदोरा नाही, सोल्डरिंग नाही, दोन पकडी आणि कड्या एवढ्यात काम होतं. विणी खूप आहेत पण सुरुवात बायझंटाईनने करा, दिसते भरगच्च आणि तिच्यात खरी युक्ती एकच आहे, ती एकदा कळली की पुढे हात आपोआप चालतो.

पण आधी मापाचं बघा, कारण निम्मं काम तिथेच बनतं नाहीतर बिघडतं. कडीचा आतला व्यास भागिले तारेची जाडी, याला आस्पेक्ट रेशो म्हणतात, आणि बायझंटाईनला तो साडेतीनच्या आसपास लागतो. म्हणजे १ मिमी तारेची, आतून ३.५ मिमी असलेली कडी. तीनच्या खाली गेलात तर शेवटच्या कड्या आत शिरतच नाहीत, पाचच्या पुढे गेलात तर वीण ढिली पडते, आणि दोन्ही वेळेला आपल्याला वाटतं की आपण विणायला चुकलो, चूक असते मापाची. गेजवर, म्हणजे तारेच्या जाडीला दिलेल्या नंबरवर, तर अजिबात विसंबू नका, अमेरिकन मापात १८ गेज तार १.०२ मिमी असते आणि ब्रिटिश मापात तेच १८ गेज १.२२ मिमी, त्या जाड तारेत ३.५ ची कडी घेतली की रेशो थेट २.९ वर येतो. त्यामुळे कड्या घेताना नेहमी मिमीमध्ये विचारा.

धातूचं म्हणाल तर शिकायला तांबं किंवा अॅल्युमिनियम, दोन्ही मऊ. कानातल्यांसाठी मला अॅल्युमिनियमच आवडतं कारण ते इतकं हलकं असतं की लांब कानातलं घातलं तरी कान ओढला जात नाही, फक्त रंग न दिलेलं असेल तर हात काळे करतं म्हणून आधी साबणाच्या पाण्याने धुवून कोरडं करा. स्टीलच्या कड्या नंतर घ्या, बोटं दुखतात. कानात जाणारा हुक मात्र चांगलाच घ्या, निकेलची अॅलर्जी बऱ्याच जणांना असते, टायटॅनियम किंवा नायोबियमचा असला तर काळजी नाही. पकडी दोन्ही आतून गुळगुळीत पाहिजेत, दाते असलेल्या पकडीचे ओरखडे कडीवर कायमचे राहतात.

आता कडी उघडणं आणि मिटणं, यावर खरंच वेळ घाला. फट वरच्या बाजूला ठेवा, दोन्ही बाजूंनी पकडीत धरा आणि एक हात आपल्याकडे, दुसरा पलीकडे असं फिरवा. टोकं दोन बाजूंना ताणून कधीच उघडायची नाही, गोल आकार गेला की तो परत येत नाही. मिटताना टोकं एकमेकांना थोडी ओलांडून पुढे न्या मग मागे आणा, हे करताना आतल्या बाजूला किंचित दाब ठेवा, टोकं एकमेकांना घासली की हलकासा टक् असा आवाज येतो किंवा पकडीत जाणवतं, तेव्हा मिटली. नंतर बोटाचं टोक फिरवून बघा, काही टोचलं तर परत मिटवा, नाहीतर केस आणि ओढणी अडकत राहणार.

एका कानातल्याला १४ कड्या लागतात, म्हणजे सात जोड्या. सहा कड्या आधीच मिटून ठेवा, आठ उघडून. पहिली, तिसरी आणि पाचवी जोडी मिटलेल्या कड्यांची. एक उघडी कडी घ्या, तिच्यात चार मिटलेल्या घाला आणि मिटवा, मग त्याच वाटेने दुसरी उघडी कडी घाला, झाली दोन-दोन-दोनची साखळी. एका टोकाच्या जोडीत तारेचा तुकडा बांधा म्हणजे सुरुवात कुठली ते हरवत नाही. आता युक्ती. दुसऱ्या टोकाची जोडी, म्हणजे तिसरी, मागे दुमडा, एक कडी डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही पहिल्या जोडीला लागून. चिमटीत धरून ठेवा, सोडलंत की सुटतं. मग मधल्या जोडीच्या दोन कड्या नखाने बाजूला सारा, फटीत दुमडलेल्या दोन कड्यांच्या कडा दिसतील, त्या दोन्हींमधून चौथ्या जोडीची उघडी कडी घाला आणि मिटायच्या आधी तिच्यात पाचव्या जोडीच्या दोन मिटलेल्या कड्या अडकवा. चौथीची दुसरी कडीसुद्धा तशीच. गाठ बसली, आता सोडलं तरी चालतं. पाचवीत सहावी जोडी घाला, ती मागे दुमडा, पाचवी फाकवा, सातवी घाला, वीण पूर्ण.

मण्यांसाठी खाली एक मोठी कडी लावा, ०.८ मिमी तारेची आतून ६ मिमी, तिच्यात ८/० मापाचे तीन मणी ओवा आणि सातव्या जोडीत अडकवून मिटवा. ८/० चा मणी साधारण ३ मिमी असतो, चार घालायचा मोह होतो पण मग कडी हलत नाही आणि मिटताना काचेचा मणी तडकू शकतो. मण्याचं भोक तारेला पुरतं का ते वीण सुरू करायच्या आधी बघा, एकाच पाकिटातल्या मण्यांची भोकंसुद्धा लहानमोठी निघतात.

पेंडंटला मला मोबियस नावाची वीण बरी वाटते, अगदी पटकन होतं. १.२ मिमी तारेच्या, आतून ८ मिमीच्या तीन कड्या. पहिलीत दुसरी अडकवा, दोघींच्या मध्ये जो डोळा तयार होतो त्यातून तिसरी न्या आणि तिघी एकाच दिशेला कलू द्या, फूल होतं. तिघींमधून मिळून एक ६ मिमीची कडी घाला, साखळी तिच्यातून जाईल. मोठा मणी हेडपिनमध्ये, म्हणजे एका टोकाला चपटं डोकं असलेल्या तारेत, ओवून वर साधारण १ सेमी तार ठेवा, काटकोनात वाकवून गोल तोंडाच्या पकडीने फासा करा आणि त्याच वरच्या कडीत लटकवा, मणी बरोबर फुलाच्या पुढ्यात येतो.

हुक लावल्यावर कानातलं आडवं वळलेलं दिसलं तर वीण उसवू नका, हुक आणि पहिल्या जोडीच्या मध्ये अजून एक छोटी कडी घातली की ते सरळ समोर बघतं.