शाळेत सहकार शिकवताय? मग या चुका टाळा

नोव्हेंबर लागला की नागपुरातल्या शाळांचे फोन सुरू होतात. "सर, १४ ते २० सहकार सप्ताह आहे, एक तास द्या ना." जावं तर फळ्यावर सहकाराचा सप्तरंगी झेंडा, खाली 'विना सहकार नाही उद्धार', आणि समोर जांभया देणारी पोरं. चुका दरवर्षी त्याच.

पहिली म्हणजे, सहकार म्हणजे एकमेकांना मदत, एवढं सांगून मोकळं व्हायचं. मग पोरं उदाहरणं देतात: मित्राला पेन्सिल दिली, आजीला रस्ता ओलांडून दिला. चांगलंच आहे, पण ती सहकारी संस्था नव्हे. तिथे माणूस आपल्या गरजेपोटी येतो, खिशातले पैसे घालतो, आणि तोच मालक, तोच गिऱ्हाईक होतो. इंग्लंडात रॉचडेलला १८४४ साली २८ कामगारांनी दुकान काढलं ते पुण्य कमवायला नाही. बिनभेसळीचं पीठ, साखर, लोणी वाजवी भावात हवं होतं म्हणून काढलं. मुलांना स्वार्थ लगेच कळतो. तिथूनच सुरुवात करा.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते: घाईघाईत उघडलेलं विद्यार्थी भांडार, म्हणजे शाळेत मुलांनीच चालवायचं सहकारी दुकान. पूर्व नागपुरातल्या एका शाळेत सप्ताहाच्या उद्घाटनाला पाहुणे येणार होते, म्हणून आठवडाभर आधी भांडार 'स्थापन' झालं. वर्गात पहिला येणारा मुलगा अध्यक्ष, बाईंनीच नेमलेला. गल्ल्याची किल्ली बाईंच्या पर्समध्ये. शेअर दहा रुपयांचा, पण एका मुलाच्या वडिलांनी पाचशे रुपये पाठवले. वह्या कोणत्या कंपनीच्या आणायच्या यावर वाद झाला तेव्हा त्या मुलाचं म्हणणं चाललं, कारण "त्याचे पैसे जास्त आहेत ना." मी गेलो तेव्हा एक मुलगी बिलबुकात कार्बन घालत बसली होती. मान वर न करताच म्हणाली, "सर, मग याच्या पप्पांच्या दुकानात अन् आमच्या भांडारात फरक काय?" बाई हसल्या. मला काही हसू आलं नाही, कारण पोरीने बरोबर नस पकडली होती. शेअर एक असो की पन्नास, सभासदाला मत एकच, हे त्या शाळेत कोणी सांगितलंच नव्हतं. उलट ते मोडून दाखवलं होतं.

माझी पद्धत साधी आहे. निवडणूक चिठ्ठ्या टाकूनच, हात वर करून नाही, नाहीतर दांडगट पोरांकडे बघून हात वर जातात. किल्ली खजिनदार मुलाकडे. हिशेब चुकला तर चुकू द्या, शिक्षकांनी खिशातून भर घालून तो जुळवू नये.

आणि नफ्याची वाटणी फळ्यावर करा. समजा साठ सभासद, भांडवल सहाशे, वर्षाची विक्री ४,२०० आणि नफा चारशे. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याप्रमाणे किमान चौथा हिस्सा राखीव निधीत: शंभर गेले. भांडवलावर लाभांश जास्तीत जास्त १५ टक्के: नव्वद, म्हणजे शेअरमागे दीड रुपया. उरले २१०, ते खरेदीच्या प्रमाणात परत. ज्याने शंभराचा माल घेतला त्याला पाच रुपये. इथे पोरं कान टवकारतात, कारण पैसे घालणाऱ्यापेक्षा भांडार वापरणाऱ्याला जास्त मिळालं. सहकाराची सात तत्त्वं पाठ करून हे कळत नाही.

काही किरकोळ चुका. अमूल कुरियन यांनी काढलं, असं सांगू नका. अमूल ज्यातून आलं तो गुजरातमधल्या खेडा जिल्ह्याचा दूध संघ १९४६ चा, अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल. कुरियन आणंदला आले १९४९ मध्ये. मदर डेअरी सहकारी संस्था नाही, ती राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची कंपनी आहे. बचत गट म्हणजेही सहकारी संस्था नव्हे. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याबद्दल सांगताना विठ्ठलराव विखे पाटलांसोबत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचं नाव घ्या, आणि गाडगीळांचं शालेय शिक्षण नागपुरात झालं हेही सांगा. इतकं जवळचं उदाहरण का सोडता बाप्पा?

सहलीला डेअरीची मोठमोठी यंत्रं दाखवण्यापेक्षा गावच्या दूध संस्थेत सकाळी सहाला न्या. दूध मोजलं जातं, फॅट निघते, चिठ्ठी हातात पडते. म्हैसवाली बाई ती चिठ्ठी दोनदा वाचून पदराला बांधते. एवढ्या पहाटे उठायला शिक्षकच तयार नसतात, ही खरी अडचण.

शेवटची चूक म्हणजे सगळं गोड गोड सांगणं. नागपुरात हे चालतच नाही. वर्गात एखादा हात वर होतोच: "सर, आमच्या आजोबांचे पैसे अडकले, ते काहून?" नागपूर जिल्हा सहकारी बँकेतला २००२ चा सरकारी रोख्यांचा घोटाळा घराघरात माहीत आहे. असा प्रश्न आला की शिक्षक घाईने पुढच्या मुद्द्याकडे वळतात. वळू नका. सभासद वार्षिक सभेला जात नाहीत, गेले तरी ताळेबंद न वाचता चहा-चिवडा घेऊन परततात, आणि मोजकी माणसं कारभार आपल्या हातात घेतात, हे स्पष्ट सांगा. सहकारी बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही, हेही सांगा. अनेक पालकांनासुद्धा हा फरक माहीत नसतो, मुलं घरी जाऊन विचारतील.

आणि हो, दहावीनंतर शाळा सोडणाऱ्या प्रत्येक सभासदाला शेअरचे दहा रुपये परत द्या, सही घेऊन. बहुतेक शाळा ते विसरतात आणि पुढच्या वर्षीच्या पोरांचा हिशेब पहिल्याच पानावर चुकलेला असतो.