लॉगिन होतंय पण नेटवर्कवरचं होम येत नाही? आधी हे बघा

लिनक्सवर एनएफएसवरचं (सर्व्हरवरची फोल्डरं नेटवर्कवरून वापरायची सोय) युजरचं होम फोल्डर ऑटोएफएसने (फोल्डर आपोआप माउंट करणारी, म्हणजे जोडून देणारी सर्व्हिस) माउंट होत नसेल तर लगेच कॉन्फिग बदलायला घेऊ नका, आणि एलएस (आत काय आहे ते दाखवणारी कमांड) मारल्यावर सगळ्यांची होम असलेलं फोल्डर रिकामं दिसलं म्हणून घाबरू पण नका, कारण कुणी मागितल्याशिवाय ऑटोएफएस फोल्डर माउंट करतच नाही, म्हणून थेट त्या युजरच्या फोल्डरमध्ये सीडी करून (म्हणजे आत जाऊन) बघा. तरी नाही आलं तर रूट होऊन ऑटोएफएस सर्व्हिस बंद करा, ऑटोमाउंट कमांड हायफन एफ हायफन व्ही लावून हाताने चालवा आणि दुसऱ्या टर्मिनलमधून परत सीडी करा. कुठे अडलंय ते पहिल्या टर्मिनलमध्ये तिथल्या तिथे दिसतं, तासभर लॉग चाळण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

माझ्याकडे एकदा ऑटोएफएसच्या मॅपमधल्या (कुठलं फोल्डर कुठून माउंट करायचं ते सांगणारी फाइल) स्टारच्या, म्हणजे सगळ्या युजरना लागू होणाऱ्या ओळीत शेवटचा अँपरसँड (&, ज्याच्या जागी युजरचं नाव येतं) लिहायचा राहिला होता, तर प्रत्येकाच्या होममध्ये सगळ्यांचीच फोल्डरं दिसत होती!

माउंट होतंय पण फाइल्सचा मालक नोबडी (म्हणजे ओळख न पटलेला युजर) दिसतोय? मग एनएफएस 4 वर बहुतेक वेळा आयडीमॅपडीच्या (सर्व्हर आणि क्लायंटवरची युजरची नावं जुळवणारी सर्व्हिस) कॉन्फ फाइलमधलं डोमेन सर्व्हर आणि क्लायंटवर वेगळं असतं, ते सारखं करा आणि एनएफएसआयडीमॅप हायफन सी ने जुनी कॅशे उडवा.