मोटरसायकल रेसच्या वीकेंडला निघालात? या चुका घरीच टाळा

छत्रपती संभाजीनगरहून चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक बाराशे किलोमीटरच्या आसपास पडतो. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किटही हजाराच्या वरच. बीड, लातूर, नांदेड, कुठूनही निघा, ट्रॅक शेजारी नाही. चेन्नईच्या पोराला एखादा बोल्ट विसरला तर तो तासाभरात घरून आणता येतो. आपल्याला ती सोय नाही. वर सरावाचं सत्र पंधरा-वीस मिनिटांचं असतं. ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर छोट्या गाडीच्या त्यात सहा-आठ फेऱ्याच होतात. या फेऱ्या लाइन, ब्रेकिंग आणि गिअर शिकायला वापरायच्या. वाळूजच्या गॅरेजमध्ये होऊ शकणारं काम पिटमध्ये काढून बसलात, तर मोजकीच मिळणारी मिनिटं हातची जातात. नव्या रायडरांच्या बहुतेक चुका याच एका चुकीतून निघतात.

वन-मेक सिरीजमध्ये, म्हणजे सगळे एकाच मॉडेलवर धावतात तिथे, गाडी बहुधा आयोजकांकडून मिळते, तेव्हा पुढचं गाडीच्या तयारीचं बरंचसं तुम्हाला लागू होणार नाही. टायर, ऊन, झेंडे आणि रायडिंगबद्दलचं मात्र जसंच्या तसं लागू आहे.

स्क्रूटिनीत गाडी अडते, ती बहुतेक वेळा तारेमुळे

शुक्रवारी सकाळी स्क्रूटिनीच्या, म्हणजे ट्रॅकवर उतरण्याआधीच्या गाडीच्या तपासणीच्या, रांगेत उभं असताना लॉकवायर करायला (बोल्ट सुटू नयेत म्हणून तारेने बांधायला) बसू नका. काम सोपं आहे, पण घाईत नेमकं उलटं होतं.

ड्रेन प्लग, ऑइल फिलर कॅप, ऑइल फिल्टरचं झाकण आणि ब्रेक कॅलिपरचे बोल्ट हे तारेने बांधायचे. आणखी काय बांधायचं ते तुमच्या क्लासच्या (स्पर्धेतल्या गटाच्या) नियमपुस्तिकेत बघा. बोल्टच्या डोक्यावर आधी पंच मारा, मग दीड मिलिमीटरच्या ड्रिलने डोक्याच्या कोपऱ्यातून आरपार भोक पाडा. कटिंग ऑइल टाकत, हलक्या दाबाने. हँड ड्रिलने हा बारीक बिट हमखास मोडतो आणि अर्धा तुकडा बोल्टमध्येच अडकतो. वाळूज, चिकलठाणा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत पिलर ड्रिल असलेलं वर्कशॉप शोधायला फार फिरावं लागत नाही. सगळे बोल्ट काढून एकदाच घेऊन जा, तासाभराचं काम आहे. येताना दोन-चार जादा बोल्टही भोक पाडून आणा.

तार स्टेनलेस स्टीलची, ०.८ मिलिमीटरची घ्या. बोल्ट आधी ठरलेल्या टॉर्कला कसा, मग तार ओवा, दोन्ही पदरांना इंचाला सहा ते आठ पीळ द्या आणि दुसरं टोक पक्क्या जागी बांधा. तार बोल्टला *आवळण्याच्या* दिशेने ओढत असली पाहिजे. बोल्ट ढिला व्हायला लागला की तार ताणली जावी आणि तिने त्याला तिथेच धरून ठेवावं. तार उलट्या बाजूने गेली असेल तर ती फक्त शोभेची राहते. नुसती नजर टाकून हे कळत नाही, म्हणून प्रत्येक बोल्टला बोट लावून मनात विचारा: हा सुटायला फिरला तर तार ताणेल की ढिली पडेल? शेवटी कापलेलं टोक आत वळवा, नाहीतर पुढच्या वेळी ऑइल बदलताना तेच हाताला लागतं.

कुलंटचं कामही घरीच उरका. ग्लायकोलचं कुलंट ट्रॅकवर सांडलं की डांबर साबणासारखं निसरडं होतं आणि सहज सुकतही नाही, म्हणून रेसमध्ये साधं पाणी भरतात. एकदा रिकामं करून लगेच पाणी भरू नका. रेडिएटर, इंजिन, पाइप यांत जुनं कुलंट उरलेलं असतं. दोन-तीन वेळा पाणी भरून, इंजिन गरम करून, पुन्हा काढा. घरी परत आल्यावर कुलंट पुन्हा भरायला विसरू नका, नुसत्या पाण्याने आतून गंज धरतो.

साइड स्टँड, आरसे, नंबरप्लेट आणि इंडिकेटर घरीच काढून ठेवा. क्लच-ब्रेकच्या लिव्हरची टोकं गोल आहेत ना, थ्रॉटल सोडला की हँडल पूर्ण वळवलेलं असतानाही झटकन बंद होतो ना आणि किल स्विच चालतो ना, हे तपासा.

कार्ब्युरेटरवाल्यांनो, उंची विसरू नका

संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून जास्त उंच आहे. चेन्नई समुद्राकाठी, म्हणजे तिथली हवा पाच-सहा टक्के दाट. इथे अचूक जेटिंग केलेली, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या जेटचा नंबर जुळवलेली, गाडी तिथे लीन चालते: हवा जास्त, पेट्रोल तेवढंच. सरळ रस्त्यावर थ्रॉटल पूर्ण उघडा धरला की इंजिन प्रमाणाबाहेर तापतं आणि रेसच्या मधोमध पिस्टन धरून बसतो. इथे ट्यून केलेल्या जेटपेक्षा एक-दोन नंबर मोठे मेन जेट सोबत न्या. पहिल्या सत्रानंतर स्पार्क प्लग काढून बघा. पांढरा पडला असेल तर जेट वाढवा, फिकट तपकिरी असेल तर हात लावू नका. कोइमतूर चारशे मीटरच्या आसपास उंच असल्याने तिथे फरक कमी पडतो. फ्युएल इंजेक्शनच्या स्टॉक गाड्या हे बऱ्याच अंशी स्वतःच सांभाळतात.

चेन ताठ करणं

ढिली चेन उडेल या भीतीने नवे रायडर ती ताणून ठेवतात. प्रत्यक्षात ताठ चेन जास्त नुकसान करते. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा एक्सल हे तीन बिंदू एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताठ होते. गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर) असताना ते एका रेषेत नसतात. तुम्ही बसल्यावर आणि ट्रॅकवर सस्पेन्शन दबल्यावर येतात. तेव्हा चेनला ढिलाई उरली नाही तर सस्पेन्शन खाली जातच नाही, वळणात मागचं चाक उड्या मारतं आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर सगळा ताण येतो. बिघाड चेनचा, पण रायडर शॉकअप्सच्या सेटिंगमध्ये सकाळ घालवतो. कंपनीने सांगितलेली ढिलाई ठेवा, मग एकाला गाडीवर बसवून, मागून दाबून बघा. त्या अवस्थेतही चेन बोटाने थोडी हलली पाहिजे.

स्प्रॉकेट बदललं की ढिलाई पुन्हा मोजा. पुढचा एक दात म्हणजे ढोबळमानाने मागचे तीन. गिअरिंग बरोबर असेल तर सगळ्यात लांब सरळ रस्त्याच्या शेवटी टॉप गिअरमध्ये आरपीएम रेडलाइनच्या थोडे खाली असतात. ते 'थोडे खाली' मुद्दाम ठेवायचे, कारण दुसऱ्या गाडीच्या मागे लागून गेलात की वेग वाढतो. एकट्याच्या सरावात लिमिटरला (आरपीएम आणखी वाढू न देणाऱ्या मर्यादेला) लागणारी गाडी रेसमध्ये ओव्हरटेक करायच्या क्षणी अडकते.

टायरचं प्रेशर: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

चूक इथून सुरू होते: सकाळी सहा-सातला सावलीत हवा भरायची आणि दुपारच्या रेसलाही तीच गृहीत धरायची. तापमान दहा अंशांनी वाढलं की तीस पीएसआयच्या टायरमध्ये जवळजवळ दीड पीएसआय वाढतात. उन्हात उभी गाडी, तापलेलं डांबर आणि दोन फेऱ्यांची घसट यांची भर पडली की सकाळचे ३० दुपारी ३५ होतात. टायर फुगतो, जमिनीला टेकणारा पट्टा अरुंद होतो आणि गाडी वळणात तरंगते.

उपाय फुकटात होतो. सत्र संपवून पिटमध्ये येताच, जॅकेटची चेन उघडायच्या आधी, गरम प्रेशर मोजा आणि लिहा. तुमच्या टायरच्या उत्पादकाने सांगितलेल्या गरम आकड्याकडे जायचं. थंड आकडा त्यावरून मागे मोजून ठरवायचा आणि हवा तापत जाईल तसा तो बदलायचा. तीन दिवस एकच गेज वापरा. पेट्रोल पंपावरचा, मित्राचा आणि तुमचा असे तीन गेज तीन आकडे दाखवतात, आणि इथे एका पीएसआयनेही फरक पडतो.

टायरचं वयही बघा. बाजूला चार आकडे असतात: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. वर्षानुवर्षं दुकानात पडून राहिलेला 'नवा' टायर नक्षी कितीही शाबूत असली तरी दगड झालेला असतो. खरोखर नवा टायर असेल तर पहिल्या दोन-तीन फेऱ्या हळूहळू झुकवत न्या. ट्रॅकवर एका बाजूची वळणं कमी असतात, त्या बाजूचं रबर उशिरा तापतं. पहिल्या फेरीत त्या बाजूच्या पहिल्याच वळणावर लो-साइड होणारे, म्हणजे टायर सुटून आतल्या बाजूला पडणारे, बरेच असतात.

ब्रेक

डॉट ४ ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. रस्त्यावर हे जाणवत नाही. ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या फेरीला लिव्हर हँडलपर्यंत येतो. निघण्याच्या आठवड्यात सीलबंद डब्यातलं ऑइल भरून ब्लीड करा, म्हणजे पाइपमधली हवा काढा. उघडून ठेवलेला अर्धा डबा नको. नवे पॅड घरीच आठ-दहा वेळा वाढत्या जोराने ब्रेक मारून, मध्ये थंड होऊ देत बसवा. हे रिकाम्या, बंदिस्त जागेत करा. बायपासवर किंवा हायवेवर 'सराव' करू नका, ट्रॅकचा वेग सार्वजनिक रस्त्यावर आणणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला परवानगीच नाही.

आपलं ऊन आणि तिथलं ऊन

मराठवाड्यातली माणसं उन्हाला सरावलेली असतात. बेचाळीस अंशांत शेतात राबलेल्याला चेन्नईचे चौतीस-पस्तीस काहीच वाटत नाहीत. नेमका इथेच घात होतो. आपलं ऊन कोरडं, घाम आला की उडतो आणि अंग थंड होतं. समुद्राकाठच्या दमट हवेत, वर लेदर सूट चढवल्यावर, घाम उडतच नाही. शरीर तापत राहतं, पाणी आणि मीठ दोन्ही जातात. शेवटच्या दोन फेऱ्यांत हाताला गोळे येतात, ब्रेकिंगच्या खुणा चुकतात. रायडरला वाटतं टायर गेला. गेलेला असतो तो स्वतः.

तहान लागायची वाट बघू नका. गुरुवारपासूनच पाणी वाढवा. रेसच्या दिवशी सत्रांच्या मध्ये ओआरएस घोट-घोट घ्या, एक पाकीट एक लिटर पाण्यात, कमी पाण्यात दाट करून नाही. लघवी गडद पिवळी झाली तर तुम्ही मागे पडला आहात. सत्र संपलं की सूट कमरेपर्यंत उतरवा, मानेवर ओला पंचा टाका, सावलीत बसा. घरून आणलेला ठेचा-भाकरीचा डबा शुक्रवारी रात्री उघडा. रेसच्या सकाळी दोन-तीन इडल्या आणि केळं पुरे. आणि रात्रभर छोटा हत्ती चालवून येणाऱ्याने सकाळी थेट ट्रॅकवर उतरू नये. गाडी चालवायला दुसरा माणूस घ्या किंवा एक दिवस आधी पोहोचा.

ट्रॅकवर

शुक्रवारच्या पहिल्याच सत्रात फेरीची वेगवान वेळ नोंदवायला जाणं ही चूक सगळ्यांत महाग पडते. पहिलं सत्र ब्रेकिंगच्या खुणा ठरवायला द्या: बोर्ड, डांबरातला जोड, वळणाच्या कडेच्या कर्बची सुरुवात. हलणारी सावली किंवा उभा मार्शल खूण म्हणून धरू नका. दुसऱ्याच्या अगदी मागे असताना हवेचा विरोध कमी असतो, त्यामुळे नेहमीच्या खुणेवर तुमचा वेग जास्त असतो. तिथे थोडं आधी ब्रेक मारा.

हात भरून येत असतील तर आधी गुडघे बघा. टाकी मांड्यांनी घट्ट धरली नाही की ब्रेकिंगला सगळं वजन मनगटांवर येतं.

एका वेळी एकच बदल करा. प्रेशर, प्रीलोड (सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा सुरुवातीचा दाब) आणि गिअरिंग एकदमच बदललं आणि वेळ अर्ध्या सेकंदाने सुधारला, तर कशामुळे ते कधीच कळणार नाही.

पेट्रोल टाकीभर नको. एक लिटर म्हणजे पाऊण किलो. पण अगदी तळाशीही नको: वळणात पेट्रोल एका बाजूला गेलं की पंप हवा ओढतो आणि इंजिन अडखळतं. चार-पाच लिटर बहुतेक छोट्या गाड्यांना पुरतात. क्लासला किमान वजनाचा नियम असेल तर रेसनंतरच्या उरलेल्या पेट्रोलासकट हिशोब करा.

झेंडे पाठ असू द्या. पिवळा म्हणजे ओव्हरटेक बंद आणि वेग कमी. पिवळा-लाल पट्ट्यांचा म्हणजे पुढे ट्रॅक निसरडा. लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश पिटमध्ये या. काळ्यावर नारिंगी गोळा आणि तुमचा नंबर दिसला तर तुमच्या गाडीत बिघाड आहे, बहुधा ऑइल गळतंय. 'चालतेय की गाडी' म्हणत फेरी पूर्ण करू नका, लगेच ट्रॅकच्या बाहेर या. मागून येणाऱ्या सगळ्यांचा जीव त्या ऑइलवर असतो.

पडलात तर

हलकं पडलं तरी गाडी पुन्हा स्क्रूटिनीला दाखवा आणि स्वतःला डॉक्टरांना. थ्रॉटलच्या नळीत वाळू गेली आहे का बघा, अडकलेला थ्रॉटल पुढच्या वळणावर दुसरी संधी देत नाही. हँडल तिरकं वाटत असेल तर लगेच फोर्क वाकला असं धरू नका. पुष्कळदा तो क्लॅम्पमध्ये फिरलेला असतो. एक्सल आणि खालच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करा, पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ करा, सस्पेन्शन चार-पाच वेळा दाबा, मग टॉर्क पान्याने कसा. डोकं आपटलं असेल तर हेल्मेट बाद, बाहेरून ओरखडा नसला तरी.

रविवारी संध्याकाळी गाडी पिकअपमध्ये चढवायच्या आधी पेट्रोल काढा. चार रॅचेट पट्टे लावा. पुढचे दोन हँडलबारला नाही, खालच्या क्लॅम्पला सॉफ्ट लूप (मऊ कापडी पट्ट्याचा फास) घालून बांधा आणि फोर्क निम्मा दबेल इतकेच ताणा. पूर्ण दाबून बाराशे किलोमीटर आणलेल्या फोर्कचं सील घरी पोहोचेपर्यंत गळायला लागू शकतं. वाटेत एकदा थांबून पट्टे पुन्हा आवळा.