शाब्दिक उदाहरणं शिकवताना या चुका टाळा

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी संध्याकाळी पाचवी ते सातवीची मुलं गणिताला येतात. शाळेत हिंदी, घरी मराठी. पाढे तोंडपाठ, हातच्याची बेरीज चोख. पण 'इबारती सवाल', म्हणजे शाब्दिक उदाहरण, आला की पहिला प्रश्न ठरलेला: "काकू, यात जोड करायची की घटाव?" ही सवय आपण मोठ्यांनीच लावलेली असते.

सगळ्यात महागात पडते ती खुणेचे शब्द पाठ करून घेण्याची चूक. 'एकूण' म्हणजे बेरीज, 'उरले' म्हणजे वजाबाकी, 'जास्त' म्हणजे पुन्हा बेरीज. संक्रांतीच्या सुमारास मी विचारलं: मीनाकडे 35 पतंग आहेत. ते राजूच्या पतंगांपेक्षा 8 ने जास्त आहेत. राजूकडे किती? बऱ्याच वह्यांत 43. मी आकड्यांवर हात ठेवला आणि म्हटलं, "पतंग जास्त कोणाकडे?" मीनाकडे, सगळे एका सुरात. मग दोन पट्ट्या काढायला लावल्या: मीनाची लांब, राजूची आखूड, फरकाच्या तुकड्यावर 8. 27 मला सांगावं लागलं नाही.

तेव्हापासून पहिलं वाचन आकडे झाकूनच. गोष्टीत कोण आहे, काय घडलं, काय विचारलंय, एवढंच सांगायचं. 1979 साली फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथे लहान मुलांना विचारलं होतं: जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, कप्तानाचं वय किती? 97 पैकी 76 मुलांनी त्याच आकड्यांतून वय काढून दिलं. ही गोष्ट वाचल्यापासून मी अधूनमधून सुटू न शकणारं उदाहरणही मुद्दाम देते. "यात माहितीच पुरेशी नाही" असं मूल धीटपणे म्हणालं की मला फार बरं वाटतं.

भाषेवरून टोकू नका. नफा-तोट्यात 'क्रय मूल्य' आणि 'विक्रय मूल्य' यांत फरक एका 'वि'चा, तिथेच मुलं फसतात. "केवढ्याला घेतलं, केवढ्याला विकलं?" असं घरच्या भाषेत विचारा. उत्तर मराठी-हिंदी मिसळून आलं तरी चालेल, आधी गोष्ट कळू दे.

उत्तर आलं की वही मिटू देऊ नका. मांडूच्या सहलीला 130 मुलं, एका बसमध्ये 40 जागा, बस किती? '3, बाकी 10' हा भागाकार अगदी बरोबर आहे, पण त्या 10 जणांना बस मिळालेली नाही. उत्तर 4. ते पूर्ण वाक्यात लिहायला लावलं की मुलं बहुधा स्वतःच थबकतात.

एवढं करूनही मूल अडलं तर रीत लगेच सांगू नका. 3,475 च्या जागी 5 आणि 1,280 च्या जागी 2 घालून तेच उदाहरण पुन्हा वाचायला द्या. लहान आकड्यांवर काय केलं ते त्याच्याच तोंडून ऐका, आणि मग मूळ आकडे परत ठेवा.