मोम्बासाला सेवेला निघण्याआधी

मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, तरुण संघातली मुलं-मुली केनियाच्या किनाऱ्यावर सेवेला जायची म्हटली की पहिली चौकशी तिकिटाची होते आणि दुसरी बॅगेत किती किलो चालतात याची. माझी यादी मात्र एका पत्रापासून सुरू होते. तुम्हाला बोलावलंय कोणी? तिथल्या मंडळीने स्वतःहून लिहिलेलं पत्र हवं: काम अमुक आहे, माणसं इतकी हवीत, झोपायची सोय अशी आहे, आणि तुम्ही नाही आलात तर हे काम कोण करतं. शेवटच्या प्रश्नाला 'आमचीच पोरं करतात' असं उत्तर आलं, तर त्या पोरांच्या हाताखाली राबायची तयारी ठेवा. पत्रच नसेल तर तिकीट काढू नका. 'तिकडे फार गरज आहे' हे बहुतेक वेळा आपलं आपणच ठरवलेलं असतं.

पत्र आलं की दोन आकडे वहीत उतरवून घ्या. २०१९च्या जनगणनेप्रमाणे केनियात शंभरातले पंच्याऐंशी लोक ख्रिस्ती आहेत. आपल्या २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती शेकडा एकसुद्धा भरत नाहीत. तेव्हा तिकडच्यांना येशूचं नाव पहिल्यांदाच कळवायला आपण चाललोय अशा थाटाची निरोपाची सभा नको, हे पाळकसाहेबांना नम्रपणे सांगून टाका. हार चालतील. भाषणं दोनच.

मग घरातल्या जुन्या माणसांजवळ एक संध्याकाळ बसा. ही बाब मी कुणालाही गाळू देत नाही. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं, तेव्हापासून आपली घरं मिशनऱ्यांच्या समोरच्या बाजूला बसत आलीत. आजीला विचारा, साहेब-मडमसाहेब कसे होते? भाकरी कोण खायचं आणि डबा घेऊन कोण यायचं, कुणाला धड मराठी येत होती, कुणी तुझं नाव लक्षात ठेवलं आणि कुणी नुसता फोटो काढून नेला? आजीच्या बोलण्यात साहेबांनी चर्चमध्ये दिलेला संदेश क्वचितच येतो. नर्सबाईंनी रात्रभर जागून केलेलं बाळंतपण येतं, भरलेली फी येते, आणि 'ती मडम आमच्याकडचं पाणी कधी प्यायली नाही' हेही येतं, तेही नावागावासकट. सगळं लिहून काढा. मोम्बासाजवळच्या राबाईच्या एखाद्या आजीला तुमच्याबद्दल असंच काहीतरी आठवणार आहे.

त्या किनाऱ्यावर आपल्याकडून पूर्वी कोण गेलं तेही वाचून जा. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं ब्रिटिश आरमार मुंबईला आणून उतरवायचं. त्यांतली बरीच नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली. हो, आजचा शरणपूर रोड तोच. १८६४च्या सुमारास विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर हे तिथले तरुण मोम्बासाजवळच्या राबाईच्या मिशनवर गेले. शरणपूरलाच शिकलेला जेकब वेनराइट १८७३-७४मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या भागातून समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत होता. मोम्बासासमोर १८७५ साली मुक्त गुलामांसाठी वसवलेल्या वस्तीला फ्रिअर टाउन हे नाव मिळालं ते मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून. या मुलांना तिकडे 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. शिकलेले, हातात कसब असलेले, तरी गोऱ्या मिशनऱ्यांच्या खालच्या पायरीवर. म्हणून खटके उडत. नाशिक-नगरच्या पोरांनी हा इतिहास माहीत नसताना राबाईच्या चर्चमध्ये उभं राहणं मला पटत नाही.

तारखा ठरवताना आपल्या कॉलेजच्या सुट्ट्यांकडे नंतर बघा. मे महिना आपल्याला सोयीचा, पण मोम्बासाला तो सगळ्यात पावसाचा आणि शाळा ऐन भरात. मुलांसाठी सुट्टीतली बायबल शाळा घ्यायची असेल तर तिकडची सुट्टी ऑगस्टमध्ये असते किंवा वर्षाअखेर. दिवाळीच्या सुट्टीला जोडून चार दिवस रजा मागितली तर जमतं.

कागदपत्रांचं फार लांबवत नाही. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी शिल्लक हवी. जानेवारी २०२४पासून केनियाने व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली आहे. ती आधीच काढा आणि छापील प्रत ठेवा. 'पर्यटन' लिहून जायचं आणि तिथे महिनाभर शिकवायचं, असला पोरखेळ नको. धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी तिकडे वेगळा परवाना असतो. आपल्या कामाला आणि मुदतीला नेमकं काय लागतं ते यजमान मंडळीने तिथल्या इमिग्रेशन कचेरीत विचारून लेखी कळवावं.

लशीचं मात्र सविस्तर. पीतज्वराची लस घेतल्याचं पिवळं कार्ड लागतं, आणि त्याची खरी गरज जाताना नसते, येताना असते. केनियातून कार्डाशिवाय परतलात तर मुंबईच्या विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, मुंबईत जे. जे. रुग्णालयासारख्या ठिकाणी, नाव आधी नोंदवा, पासपोर्ट सोबत न्या. टोचल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं आणि आता ते जन्मभर चालतं. अंड्याची ॲलर्जी असेल तर रांगेत उभं राहण्याआधी डॉक्टरांना सांगा. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांनीच ठरवायच्या: डॉक्सिसायक्लिन निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू होते आणि परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते. पोरं विमानातून उतरली की गोळ्या विसरतात. आईच्या मोबाइलवर गजर लावून ठेवा, तुमच्या नको.

बॅग भरताना पहिलं काम म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या बाहेर काढणं. आपल्याकडे चपला एका पिशवीत, चिवडा दुसरीत, ओले कपडे तिसरीत. केनियाने २०१७च्या ऑगस्टपासून कॅरीबॅगवर कडक बंदी घातली आहे, कायद्यात कैदेचीही तरतूद आहे. जुन्या साडीच्या पिशव्या शिवून घ्या. संडे स्कूलच्या बाया आनंदाने शिवून देतात. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी तीन पिनांचा लागतो. मच्छरदाणी, डास पळवणारं मलम, ओआरएस, टॉर्च. नेहमीची औषधं पाकिटातून काढू नका, चिठ्ठी जवळ ठेवा. बायका-मुलींनी लांब बाह्यांचे कुडते आणि ओढण्या घ्याव्यात. मोम्बासात मुसलमानांची वस्ती मोठी आहे, आणि चर्चमधल्या आज्याही कपड्यांकडे बघतातच. त्या बाबतीत जगभरच्या आज्या एका मंडळीच्या. वाटायला म्हणून जुने कपडे गोळा करू नका. परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचा तिकडे मोठा धंदा आहे, मोम्बासाच्या कोंगोवेआ बाजारात त्यांचे ढीग लागतात. आपल्या गाठोड्याने कुणाचं अडलेलं सुटणार नाही. उरलेल्या वजनात टाळ आणि लहान ढोलकी बसते. टाळ कापडात गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत ठेवले तर तपासणीला खुलासे करत बसाल. रेव्हरंड ना. वा. टिळकांची दोन भजनं चालीसकट पाठ हवीत. तिकडची मंडळी गाण्यात आपल्याला सहज ऐकते, आणि गायक म्हणून तिच्यापुढे आपण कच्चेच ठरतो.

थोडी स्वाहिली शिकून जा. वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणायचं, ते 'मराहाबा' म्हणतात. एवढ्याने दारं उघडतात. घड्याळाची गंमत नीट समजून घ्या. तास सूर्योदयापासून मोजले जातात, सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. 'सा ताटु'ला, म्हणजे त्यांच्या तीनला, या असं सांगितलं आणि तुम्ही तीन वाजता उगवलात, तर नऊची उपासना कधीच आटोपलेली असेल. साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव, द्यायची असेल तर ती तीन मिनिटांची करून आणा. दुभाष्यामुळे तिची सहा होतात. एक वाक्य बोलायचं, थांबायचं. वसईच्या, नगरच्या, जालन्याच्या ज्या पोरांना इंग्रजी बोलायची धास्ती असते त्यांनी घरीच एकमेकांना दुभाषी करून सराव करावा.

काय बोलायचं नाही, हे मी जास्त वेळ घेऊन सांगते. राबाई किलिफी परगण्यात येतं. याच परगण्यातल्या शाकाहोलाच्या जंगलात २०२३मध्ये चारशेहून जास्त प्रेतं उकरून काढावी लागली. उपास करून मेलात की येशू भेटेल, असं अनुयायांना शिकवल्याचा आरोप एका उपदेशकावर आहे. तिथल्या घरांमध्ये हे दुःख ताजं आहे. बाहेरून आलेल्या तरुणाने माईक धरून उपास, चमत्कार, औषधं सोडून विश्वास धरण्याच्या गोष्टी करू नयेत, तोंडातून चुकूनही नाही. कोणी आजाऱ्यासाठी प्रार्थना मागितली तर करा, आणि त्याच दमात दवाखान्यात कधी जाणार ते विचारा. जवळच्या काया वनांत पाहायला म्हणून घुसू नका. मिजिकेंडा लोकांची ती पवित्र जागा आहे, २००८पासून जागतिक वारशातही आहे. त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या परवानगीशिवाय तिथे पाऊल टाकायचं नाही.

अनाथालयाची भेट कार्यक्रमात असेल तर खोडा. केनिया सरकारने २०१७मध्येच नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. मुलं नातेवाइकांत, घरांत वाढावीत हा त्यामागचा विचार. आठवडाभर लेकरांना कडेवर घ्यायचं, लळा लावायचा आणि विमानात बसायचं, याला मी सेवा म्हणणार नाही. फोटोंचंही तसंच. लहान मुलाचा फोटो पालकांच्या होकाराशिवाय काढायचा नाही, टाकायचा तर मुळीच नाही. तिकडे २०१९चा माहिती संरक्षण कायदा आहे. कायदा नसता तरी आजीची वही आहेच.

पैशांचा सगळा व्यवहार एका माणसाकडे द्या आणि रोज रात्री हिशेब लिहा. तिकडे भाजीवालीसुद्धा एम-पेसावर पैसे घेते; मोबाइलवरून पैसे देण्याची ही सोय तिकडे २००७पासून आहे. पासपोर्ट दाखवून सिम घेतलं की काम होतं. खासगीत कुणाच्या हातावर नोटा ठेवू नका. आपण तिकडे 'मुहिंदी', म्हणजे भारतीय; त्यांच्या नजरेत दुकानवाले, पैसेवाले. ज्याच्या बापाने ऊसतोडीवर दिवस काढले त्या पोराला प्रथमच कुणीतरी श्रीमंत समजतं, आणि त्याचा हात सैल सुटतो. मदत द्यायची ती यजमान मंडळीच्या खात्यात, पावती घेऊन.

रिकामे तास ठेवा. आखलेल्या वेळापत्रकात तरुणांना फारसं काही भेटत नाही. राबाईच्या एका घरात आमच्यातली मालवणकडची मुलगी नारळ खवायला बसली. तिकडे त्याला घडीचं लाकडी बूड असतं, पुढे दातेरी लोखंडी जीभ. त्याच्यावर बसायचं आणि अर्धी वाटी फिरवायची. घरधनीण आधी हसली, मग तिच्या हाताखालचा कीस बघून गप्प झाली आणि दुसरी वाटी सरकवली. दोघींना एकमेकींचं बोलणं कळत नव्हतं. त्या दिवशी भात झाला तो दोघींचा होता. संध्याकाळी त्या बाईने मुलीला स्वतःहून आपल्या धाकट्या बहिणीच्या घरी नेलं. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत त्या वेळी 'विश्रांती' असं लिहिलेलं होतं.

परतल्यावरची यादी छोटी. पिवळं कार्ड हातात घेऊनच विमानातून उतरा. गोळ्या चार आठवडे. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना लक्षणांच्या आधी केनिया सांगा, नाहीतर ते डेंगीच शोधत बसतील. हिशेब मंडळीच्या पंचकमिटीपुढे मांडा. अहवाल लिहिलात की तो रविवारी वाचण्याआधी राबाईच्या मंडळीला पाठवा, त्यांनी खोडलेलं खोडा, आणि मगच पाळकसाहेबांकडे तारीख मागा.