या चुका टाळा: उन्हाळी निवासी कला कार्यक्रमासाठी अर्ज करताना

हायस्कूलच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात काही आठवडे वसतिगृहात ठेवून कलाशिक्षण देण्याची अमेरिकेतील परंपरा बरीच जुनी आहे. मिशिगनमधील इंटरलॉकन येथे १९२८ मध्ये शालेय वादकांसाठी सुरू झालेले शिबिर आजही भरते. नॉर्थ कॅरोलायनाने १९६३ मध्ये कला आणि इतर विषयांसाठी ‘गव्हर्नर्स स्कूल’ काढल्यानंतर इतर राज्यांनीही तो मार्ग धरला. कॅलिफोर्नियाच्या राज्य उन्हाळी कला शाळेत तर संगीत, नाट्य, नृत्य, चित्रपट, अ‍ॅनिमेशन, लेखन आणि दृश्यकला असे स्वतंत्र विभाग असतात. अशा ठिकाणी जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ, त्यामुळे चांगले विद्यार्थीही मागे राहतात. मात्र टाळता येण्याजोग्या बहुतेक चुकांचे मूळ एका गैरसमजात असते: आपण तयार कलावंत आहोत हे सिद्ध करायचे आहे, असे विद्यार्थी आणि पालक धरून चालतात. अर्ज वाचणारे शिक्षक मात्र चार-सहा आठवडे कोणाला शिकवता येईल, याचा शोध घेत असतात.

पात्रतेचा मजकूर अर्धवट वाचणे

राज्य सरकारांचे कार्यक्रम बहुधा त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठीच असतात, आणि काही ठिकाणी थेट अर्ज न करता शाळेकडून नामांकन व्हावे लागते. शाळेची अंतर्गत मुदत जाहीर झालेल्या अंतिम तारखेच्या बरीच आधी संपते, हे अनेकांना उशिरा कळते. इयत्तेचाही घोळ होतो. सध्याची इयत्ता विचारली आहे की उन्हाळ्यानंतर सुरू होणारी, हे शब्दशः वाचल्याशिवाय रकाना भरू नये.

कौशल्य दाखवण्याच्या नादात नजर झाकणारा पोर्टफोलिओ

दृश्यकलेच्या अर्जात सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे छायाचित्रावरून हुबेहूब उतरवलेली व्यक्तिचित्रे आणि लोकप्रिय कार्टून पात्रांच्या नकला यांनीच पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचा संच, भरून टाकणे. अशा चित्रांत हाताची सफाई दिसते, पण त्रिमितीतून द्विमितीत येताना घ्यावे लागणारे सगळे निर्णय कॅमेऱ्याने किंवा मूळ चित्रकाराने आधीच घेतलेले असतात. समोर बसलेली व्यक्ती, पसारा पडलेले टेबल, आरशात पाहून काढलेला स्वतःचा चेहरा अशी प्रत्यक्ष पाहून केलेली कामे थोडी ओबडधोबड असली तरी विद्यार्थी काय पाहतो आणि काय वगळतो, हे त्यांतून कळते. अ‍ॅनिमेशनच्या अर्जातही चकचकीत सॉफ्टवेअरचे परिणाम फारसे उपयोगी पडत नाहीत. चालत्या माणसांची झटपट रेखाटने, कथाफलक (प्रसंग क्रमाने मांडणारी चित्रे) आणि स्केचबुकची पाने तिथे अधिक बोलकी ठरतात.

संख्येचा मोहही आवरावा. ‘कमाल दहा कामे’ असे लिहिले असेल, तर दहावे काम कमकुवत असताना नऊ पाठवणे शहाणपणाचे असते, कारण पाहणाऱ्याच्या मनात सर्वांत दुबळे काम बराच वेळ रेंगाळते. ‘किमान’ आणि ‘नेमकी’ या शब्दांना मात्र अशी सूट नसते.

चित्रांचे फोटो वाकडे, पिवळट किंवा चकाकणारे येणे हा निव्वळ तांत्रिक दोष आहे आणि तो घरीच दुरुस्त होतो. काचेची चौकट काढून चित्र भिंतीवर सपाट लावावे, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीजवळचा उजेड घ्यावा, फ्लॅश बंद ठेवावा आणि कॅमेरा चित्राच्या मध्यासमोर, चित्राला समांतर धरावा. पेन्सिलीच्या कामात कागद करडा दिसत असेल, तर कॅमेऱ्याने पांढऱ्या रंगाला मध्यम उजेड समजून फोटो काळवंडलेला असतो; एक्स्पोजर थोडे वाढवले की तो सुधारतो. कडेला दिसणारी चादर किंवा बोटे फोटोतून कापून टाकावीत, आणि माध्यम व मोजमाप विचारले असल्यास तो रकाना रिकामा सोडू नये.

ध्वनिमुद्रण आणि व्हिडिओ

संगीताच्या अर्जात आपल्या आवाक्याबाहेरची कठीण रचना निवडणे ही जुनी खोड आहे. धडपडत पार केलेल्या अवघड रचनेपेक्षा सुरेल आणि लयीत वाजवलेली मध्यम रचना शिक्षकांना अधिक काही सांगते. दोन भिन्न प्रकृतीच्या रचना मागितल्या असतील, तर दोन्ही द्रुत असू नयेत. अखंड मुद्रण मागितले असताना तुकडे जोडून पाठवणे हा तर नियमभंगच होय. मोबाईलवर मुद्रण केल्यास मोठ्या आवाजाचे सूर फाटतात आणि मंद जागा आपोआप वर उचलल्या जातात, त्यामुळे वादनातले चढउतारच नाहीसे होतात. फोन थोडा दूर ठेवून आधी सर्वांत मोठ्या आवाजाचा भाग तपासावा. गायनात साथ आवाजावर चढत असेल, तर साथीचा स्पीकर फोनपासून लांब ठेवावा. पियानोवादकाचे दोन्ही हात आणि पट्ट्या चौकटीत दिसल्या पाहिजेत.

नृत्याच्या व्हिडिओत पावले कापली जाणे आणि समूहनृत्यात अर्जदार ओळखू न येणे, या दोन चुका सतत होतात. कॅमेरा स्थिर असावा आणि शरीराच्या रेषा दिसतील असे कपडे असावेत. रंगमंचावरच्या सादरीकरणाचे प्रेक्षकांतून घेतलेले चित्रीकरण कितीही भव्य असले, तरी साध्या खोलीतला स्वच्छ व्हिडिओ त्याहून कामाचा असतो.

नाट्य विभागात दिलेल्या वेळेपेक्षा लांब स्वगत पाठवले, तर शेवटचा प्रभावी भाग पाहिलाच जाणार नाही, असे समजून चालावे. किंचाळणे आणि रडणे म्हणजे अभिनयाची उंची, हा समज सोडून आपल्या वयाच्या जवळचे पात्र निवडावे. वेगळी सूचना नसेल, तर नजर थेट भिंगात न रोखता त्याच्या किंचित बाजूला एका ठरलेल्या बिंदूवर ठेवावी; परीक्षकाला आपला सहकलाकार बनवले, की त्याला निवांतपणे पाहता येत नाही.

मनोगत आणि लेखन

‘लहानपणापासून मला कलेची आवड आहे’ हे वाक्य खोटे नसते, पण ते जवळजवळ प्रत्येक अर्जदाराला लागू पडते. त्याऐवजी सध्या अडलेली एक गोष्ट लिहावी. ‘माझ्या कथांतील माणसे संवादात जिवंत होतात, पण ती एकटी असताना मला काही सुचत नाही’ असे लिहिणारा विद्यार्थी आपल्याला काय शिकायचे आहे, ते दोन ओळींत सांगून जातो. पालकांनी सफाई केलेले मनोगत सहज ओळखू येते, आणि यंत्राकडून लिहून घेतलेले तर त्याहून लवकर. पुष्कळ ठिकाणी त्याला स्पष्ट मनाई असते. लेखन विभागाचा नमुना म्हणून शाळेतला गुण मिळालेला निबंध पाठवू नये.

शिफारसपत्रे, दुवे आणि शेवटचा दिवस

शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या व्यक्तीकडून नव्हे, तर काम जवळून पाहिलेल्या शिक्षकाकडून घ्यावे आणि त्यासाठी किमान चार आठवडे द्यावेत. अर्जप्रणालीने पाठवलेली ईमेल शाळेच्या स्पॅम फोल्डरमध्ये अडकते, म्हणून ती मिळाली का, हे शिक्षकांना दोन दिवसांत विचारावे.

यूट्यूबवरचा व्हिडिओ ‘प्रायव्हेट’ ठेवल्यास परीक्षकांना दिसत नाही. दुवा असणाऱ्यांनाच दिसावा असे वाटत असल्यास ‘अनलिस्टेड’ निवडावे लागते. गूगल ड्राइव्हवरच्या फाइलला परवानगी दिली नसेल, तर परीक्षकासमोर परवानगी मागणारे पान येते, आणि त्यासाठी तो थांबत नाही. प्रत्येक दुवा ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, म्हणजे आपल्या खात्याबाहेर, उघडून पाहावा.

रात्री ११:५९ ही मुदत कोणत्या कालविभागाची, हेही पाहावे. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेनुसार असलेली ही मुदत कॅलिफोर्नियात ८:५९ लाच संपते. त्यातच मोठा व्हिडिओ शेवटच्या तासात चढवायला घेतला, तर रात्र चांगलीच लक्षात राहते. अपलोड पूर्ण झाले म्हणजे अर्ज दाखल झाला असेही नाही. अंतिम ‘सबमिट’नंतर येणारी पोच जपून ठेवावी.

शुल्क पाहून अर्जच न करणे ही मला सर्वांत वाईट वाटणारी चूक आहे. आर्थिक मदतीचा अर्ज अनेक ठिकाणी वेगळा असतो, त्याला पालकांची करविषयक कागदपत्रे लागतात आणि त्याची मुदत कधी कधी प्रवेशअर्जाच्याही आधी असते.

अखेरीस घरच्या दिनदर्शिकेकडे पाहावे. निवासी कार्यक्रमांत सहसा पूर्ण काळ हजेरी अपेक्षित असते. मधल्या आठवड्यातील लग्न किंवा क्रीडा स्पर्धेसाठी सुटी मिळेल, असे गृहीत धरू नये. प्रतीक्षायादीत नाव आले, तर जागा अजून हवी असल्याचे लेखी कळवावे आणि फोन व ईमेलवर लक्ष ठेवावे, कारण रिकाम्या झालेल्या जागेसाठी उत्तर द्यायला बहुधा एक-दोन दिवसच मिळतात.